गाला नाइटची रंगीत तालीम

रंगीत तालमीची कल्पना मधुरिमाची. तिला कोणी नाही म्हणालं नाही, कारण धाकट्या सुनेला नाही म्हणण्याचं काम या घरात थोरलीकडे असे आणि या खेपेला थोरलीच गप्प होती. शैलजा गप्प आहे म्हणजे तिला पटलंय, असा सगळ्यांनी सोयीचा अर्थ काढला. या घराला सोयीचे अर्थ काढायची जुनी सवय.

माईंची ऐंशी वर्षं पुरी होत होती. थोरल्या अरविंदच्या मनात रीतसर सहस्रचंद्रदर्शन शांत होती: होम, गुरुजी, आप्तेष्टांच्या पंगती, संध्याकाळी दाल-बाफले. धाकट्या हृषीकेशनं पुण्याहून फोनवर ते सगळं उडवून लावलं. "दादा, चंद्र काय, गच्चीवरूनही दिसतो. माईनं जन्मात समुद्र पाहिला नाही. आपण तिला भर समुद्रातून चंद्र दाखवू." मुंबईहून निघणारं मोठं जहाज, तिसऱ्या रात्री गाला नाइट, माईंच्या नावाचा केक. माईंना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "समुद्र पाहीन मी." झालं. गुरुजी कटाप.

तेव्हापासून घरच्या ग्रुपवर मधुरिमाच्या सूचनांचा रतीब सुरू झाला. जेवणाच्या हॉलमध्ये बर्मुडा, बनियन, घरातल्या चपला चालणार नाहीत. दुसऱ्या रात्री सगळ्यांनी पांढरं. गाला नाइटला पुरुषांना कोट आणि टाय, बायकांना गाऊन किंवा भारी साडी; पण साडी 'घरगुती दिसणारी' नको. घरगुती साडी म्हणजे कशी, हे अरविंदनं विचारलं. उत्तर आलं नाही, पण इंदूरच्या तुकोगंजातल्या फ्लॅटमध्ये जाऊबाई रोज जी नेसतात ती, हे सगळ्यांना कळलं.

आणि आता निघायच्या आदल्या रविवारी, शैलजाचा परदेशातला मुलगा मानस सोडून, सगळे इंदूरला जमले होते, आणि संध्याकाळी सातला सगळ्यांनी गाला नाइटचे कपडे घालून, काट्याचमच्यांनी, घरच्याच टेबलावर जेवायचं होतं. तिथे गेल्यावर फजिती नको म्हणून.

*

शैलजा स्वयंपाकघरात टोमॅटोचं सूप ढवळत होती. अंगावर मधुरिमानं आणलेली जांभळी साडी, गळ्यात मोत्यांचा खोटा सर. दहा मिनिटांपूर्वी तिनं आरशात पाहिलं तेव्हा तिला वाटलं होतं, वाईट नाही दिसत आपण. मग आपण वाट कशाची पाहतोय हे आठवलं आणि तिनं आरशाकडे पाठ केली.

आत स्पृहा तयार होत होती. हृषीकेशची एकुलती एक मुलगी, चोविशीची. तिचा गाऊन अजून कोणी पाहिलेला नव्हता. "सरप्राइज आहे," मधुरिमा म्हणाली होती. शैलजाला मात्र त्या गाऊनचं कापड पाठ होतं. मोतिया रंगाची रेशमी महेश्वरी, बोटभर जरीचा काठ.

ती साडी माईंची होती. आणि ती नेसायची साडी नव्हती.

बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. जन्मभर सासरचं नेसली तरी निघताना माहेरचं. माईंचं माहेर देवासचं. पाठचे भाऊ अप्पासाहेब तेवढे उरले होते, त्यांनाही मूलबाळ नाही. शेवटच्या भाऊबिजेला ते स्वतः महेश्वरला जाऊन ही साडी घेऊन आले. ओवाळणीच्या ताटात ठेवून म्हणाले, "इंदू, मी तुझ्याआधी गेलो तर तुझ्यासाठी माहेरून साडी आणायला कोणी राहायचं नाही. ही ठेवून दे." होळीच्या आत अप्पासाहेब गेले. माईंनी साडी मलमलच्या फडक्यात बांधली, लवंगा घातल्या, कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली आणि एकट्या शैलजाला दाखवली. "तुला ठाऊक असू दे. नेसवणार तूच."

दिवाळीत माई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात होत्या. मधुरिमा त्यांच्या कपाटात मऊ जुनेर शोधत होती, तिच्या हाताला ते गाठोडं लागलं. ती साडी घेऊन बाहेर आली. डोळे चमकत होते. "ताई, असलं सिल्क आता मिळत नाही हो! स्पृहाच्या गाऊनला नेमकं हेच हवं होतं. माई तर नेसतही नाहीत. घेऊ?"

एक वाक्य बोलायचं होतं. शैलजा म्हणाली, "घे."

एवढ्यावर थांबली असती तरी चुकून बोलून गेले असं स्वतःला सांगता आलं असतं. पण मधुरिमा पुण्याला गेल्यावर तिनं आपली एक जुनी साडी घडी घालून त्याच फडक्यात बांधली आणि गाठोडं जागच्या जागी ठेवलं. तेव्हा चूक वगैरे काही नाही. सूड होता तो. चांगला मुरवलेला, लोणच्यासारखा.

हृषीकेश-मधुरिमाच्या लग्नाच्या दिवशी सकाळी बुऱ्हाणपूरहून घरच्या फोनवर निरोप आला होता. शैलजाची आई पहाटे गेली होती. लग्न झालेल्या मुलीला तीन दिवसांचं सुतक. थोरली सून सुतकात गेली तर ऐन कार्यात पदर खोचून फिरणार कोण, वऱ्हाडाला सांगायचं काय? म्हणून तिला सांगितलंच नाही. लाल शालू नेसून, नथ घालून ती दिवसभर मांडवात हसत फिरली आणि तिकडे चार वाजता आईला घेऊन गेले. वरात घरी आली, लक्ष्मीपूजन झालं, तेव्हा माईंनी तिला आतल्या खोलीत नेलं. "शैला, तुझी आई गेली. सकाळीच कळलं होतं. मीच थांबवलं." दुसऱ्या दिवशी ती पोचली तेव्हा राख गार झाली होती.

त्यानंतर या विषयावर घरात कधी कोणी बोललं नाही. शैलजानं माईंची आजारपणं काढली, पथ्यपाणी केलं, पाय चेपले. लोक म्हणत, सून असावी तर अशी. माईंना आणि तिला दोघींनाच ठाऊक होतं की त्या दिवसापासून शैलजानं त्यांच्याकडे पाहून एकदाही मनापासून हसलेलं नाही.

"काकू, झिप लावता?" आतून स्पृहाची हाक आली.

"आईला बोलव," शैलजा म्हणाली. तेवढं तिच्यानं होणार नव्हतं.

*

टेबलावर चांगली मजा चालली होती. अरविंद कोटात अवघडून बसला होता. टाय हृषीकेशनं बांधून दिला होता आणि अरविंद दर दोन मिनिटांनी तो चाचपत होता. त्यानं खिशातून शेवेची पुडी काढली आणि सूपवर शेव भुरभुरली.

"दादा! तिथे असं नाही चालणार हं," मधुरिमा म्हणाली.

"अरे वा! मतलब, पैसे देऊन फिक्कं खायचं? माझ्या बॅगेत दोन किलो लौंगवाली सेव आहे. कॅप्टनलाही खिलवतो. परमनंट इंदूरला राहायला येतो की नाही बघ!"

"येईल, येईल. सराफ्यातल्या खाऊच्या गाड्यांवर रात्रभर खात बसेल आणि जहाज कोण चालवणार?" हृषीकेश म्हणाला आणि दोघं भाऊ हसले. पुष्कळ वर्षांनी दोघं असे एका बाजूला बसून हसत होते.

माई टेबलाच्या मधल्या खुर्चीत. त्यांना मधुरिमानं राखाडी रंगाची, निऱ्या शिवलेली तयार साडी घातली होती. कमरेला चेन. "परकर घालावा तशी घातली गं मला," त्या म्हणाल्या होत्या, पण तक्रारीनं नाही. खरं म्हणजे आज त्या खुशीत होत्या. ऑपरेशननंतर सगळं लखलखीत दिसत होतं. समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातले आकडे त्यांनी मघाशी वाचून दाखवले होते.

"आणि आता," मधुरिमानं टाळी वाजवली, "स्पृहा!"

स्पृहा बाहेर आली. खांद्यावर एका बाजूनं जरीचा काठ तिरका उतरत कमरेपाशी गेला होता आणि खाली मोतिया रेशीम पायांपर्यंत सळसळत होतं. ती खरोखर सुंदर दिसत होती. हे लिहिताना जिवावर येतं, पण दिसत होती. तिला स्वतःलाही ते कळत होतं. ती एक गिरकी घेऊन आजीसमोर थांबली.

"आजी, कशी दिसते?"

माईंनी हात पुढे केला आणि खांद्यावरचा काठ बोटांत धरला. आधी त्यांना फक्त ओळखीचं काही हाताला लागल्यासारखं वाटलं. मग काठाच्या कडेची ती बारीक दुहेरी रेघ दिसली. अप्पानं दाखवली होती ती रेघ, ताटात साडी ठेवताना. 'बघ इंदू, घाटावरच्या पायऱ्या काढल्यात विणकरानं.' आज चांगल्या डोळ्यांनी त्या पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या, आणि मधेच कात्री चालून, शिवण घालून त्या वळवलेल्या होत्या.

"हे कापड कुठलं?" माईंनी विचारलं.

"तुमचीच साडी, माई! कपाटात नुसती पडून होती. आता नातीच्या अंगावर कॅप्टनच्या टेबलाला शोभेल की नाही बघा."

माईंनी काठ सोडला. "मधुरिमा, ती माझी निघतानाची होती."

"कुठे निघतानाची?"

अरविंदचा चमचा सूपमध्ये तसाच राहिला. त्याला अप्पामामांची ती शेवटची भाऊबीज आठवली असावी. "अगं, अप्पामामांनी दिलेली? माई, ती? माहेरची?"

आता मधुरिमालाही कळलं. तिचा चेहरा उतरला. ती उथळ होती, पण दुष्ट नव्हती, आणि आपण काय केलं हे उमगल्यावर तिनं जे पहिलं हाताशी आलं ते पुढे केलं. "मला काय माहीत! मी ताईंना विचारलं होतं. विचारूनच घेतली. ताई, विचारलं होतं की नाही मी तुम्हाला?"

"विचारलं होतंस," शैलजा म्हणाली.

"मग तुम्ही का नाही सांगितलंत?"

"नाही सांगितलं."

स्पृहा मधोमध उभी. अंगावरचं कापड एकदम तिला नकोसं झालं. ज्या रेशमाकडे मघापासून ती आरशात पुन्हा पुन्हा पाहत होती ते मढ्यावर घालायचं होतं, हे तिच्या मनात आलं आणि पाठोपाठ असं मनात आल्याची लाज वाटली. "आजी, मी काढून येते," ती म्हणाली.

"थांब तिथेच," माई म्हणाल्या.

"शैला, काय करून राहिली तू हे?" अरविंद उभा राहिला. "तुला पक्कं ठाऊक होतं?"

"मला एकटीलाच ठाऊक होतं."

"यार, काही तरतूद करू ना," हृषीकेश मधे पडला. त्याचा स्वभावच तसा, आग लागली की आधी पाणी कुठल्या दुकानात मिळतं ते बघायचं. "तशीच साडी महेश्वरहून आणवतो. उद्या सकाळी मी स्वतः गाडी काढतो. हुबेहूब आणतो, माई."

"तू आणशील रे. पण ती सासरचीच. मुलानं आणलेली माहेरची कशी होईल? माहेरी कोण आहे आता माझं?" हे बोलताना माईंचा आवाज पहिल्यांदा फाटला. ऐंशी वर्षांची बाई माहेरासाठी रडू शकते हे तिच्या मुलांना माहीत नव्हतं. दोघं खाली बघायला लागले.

शैलजाला वाटलं होतं, या क्षणी आपल्याला बरं वाटेल. इतकी वर्षं या तोंडावर हेच पाहायचं होतं. पाहिलं, आणि बरं काही वाटलं नाही. मग निदान बोलून तरी घ्यावं म्हणून ती बोलली.

"माझ्या आईला कोणी काय नेसवलं ते मी पाहिलं नाही, माई. तिचं तोंडही नाही पाहिलं. मी लाल शालू नेसून यांच्या मांडवात अत्तरदाणी फिरवत होते." तिनं मधुरिमाकडे बोट केलं.

"माझ्या लग्नात?" मधुरिमा हृषीकेशकडे वळली. "म्हणजे ताईंची आई… आपल्या लग्नाच्या दिवशी? तू म्हणाला होतास, नंतर गेल्या."

"मला रात्रीच कळलं गं. नवीन नवरीला काय सांगायचं…"

"आणि नंतर? इतक्या वर्षांत?"

मधुरिमा आपली खुर्ची सरकवून जावेच्या बाजूला थोडी जवळ बसली. आजपर्यंत तिनं असं कधी केलं नव्हतं.

अरविंदला हे सगळं हाताबाहेर चाललेलं दिसत होतं. तो घरातला थोरला. दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बोलून भांडण मिटवायचं ही त्याची पद्धत. ऑफिसात, सोसायटीत, सगळीकडे ती चालली होती. तो बायकोकडे वळला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "शैला, बघ. माईचं तेव्हा चुकलं. मी मानतो. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं तिनं. पण म्हातारं माणूस, जुन्या वळणाचं. तिनं घराच्या इज्जतीसाठी केलं. त्याचा बदला तू असा घ्यायचा? मरणाच्या साडीवर?"

माईंनी मान वर केली.

"काय चुकलं माझं, अरविंद?"

"माई, आता जाऊ दे ना. मी तुझीच बाजू घेतोय."

"नको घेऊस. काय चुकलं ते सांग. सगळ्यांसमोर सांग."

अरविंद टाय चाचपायला लागला.

"शैला," माई तिच्याकडे वळल्या, "बुऱ्हाणपूरचा फोन घरी आला होता. मी पहाटेपासून कार्यालयात होते. तुझ्याच शेजारी. तुझा शालू मीच नेसवून दिला. मी फोन घेतला कसा, हे एकदाही मनात नाही आलं तुझ्या?"

शैलजाच्या खरंच मनात आलं नव्हतं. राग एकदा ज्याच्यावर बसला त्याच्यावर बसला. तो पत्ता विचारत फिरत नाही. आता ती आठवू लागली. सकाळी घाई होती. अंतरपाट घरीच राहिला म्हणून आरडाओरडा झाला होता. तो आणायला स्कूटर घेऊन कोण गेलं होतं तेही आठवलं.

"घरी फोन अरविंदनं घेतला. अंतरपाट घेऊन हा आला," माई म्हणाल्या, "आणि कोणाला काही बोलला नाही. मला सांगितलं संध्याकाळी, वरात निघताना. म्हणाला, माई, तू सांग तिला. माझ्याकडून नाही व्हायचं. माझंही चुकलं, मी लक्ष्मीपूजन होऊ दिलं. तेवढे दोन तास माझे. बाकीचा दिवस याचा."

"मग तुम्ही 'मीच थांबवलं' का म्हणालात?"

"तू तिशीचीही नव्हतीस. मानस तुझ्या कडेवर होता. सासूवर राग धरून बाईला संसार करता येतो, शैला. सगळ्या करतात. नवऱ्यावर असला राग धरून तू या घरात राहिली असतीस?"

स्वयंपाकघरात गॅसवर काहीतरी लागल्याचा वास यायला लागला. मधुरिमा उठली आणि जाऊन गॅस बंद करून आली.

शैलजा खुर्चीवरून उठून माईंजवळ गेली. वाकून त्यांचा हात हातात घ्यायला गेली. रोज संध्याकाळी ती तो हात धरून त्यांना देवापाशी नेत असे. माईंनी हात मागे घेतला.

"नको. आज नको. मी तुझ्यासाठी इतकी वर्षं तुझा राग सोसला, आणि तू फडक्यात जुनेर बांधून ठेवलंस ना? पाहिलं होतं मी परवा. वरूनच हात लावला. मला वाटलं, माझ्या बोटांना कळेनासं झालं." त्या टेबलाला धरून उभ्या राहिल्या. "स्पृहा, मला खोलीत ने. आणि ते काढायचं नाही. तिथे जहाजावर घाल. फाडलंय तर निदान कोणी तरी नेसलेलं दिसू दे मला."

स्पृहानं आजीला खांदा दिला. जरीच्या काठावर हात ठेवून माई हळूहळू चालत आत गेल्या. त्यांच्या राखाडी साडीची चेन मागून अर्धी उघडी राहिली होती. मधुरिमा ती लावायला मागोमाग गेली. हृषीकेश उगीचच मोबाइल कानाला लावून बाल्कनीत निघून गेला.

टेबलाशी दोघंच उरली. अरविंदच्या सूपमधली शेव भिजून फुगली होती.

"मला सुचलंच नाही गं," अरविंद म्हणाला. "दोनशे माणसं येऊन बसली होती. मला वाटलं, एक दिवस निघून जाऊ दे. मग तो गेला, आणि मग माईनं स्वतःवर घेतलं, आणि मग काय बोलायचं? तूच सांग, काय बोलायचं होतं मी?"

शैलजा त्याच्या समोर बसली. मोत्यांचा सर काढून तिनं टेबलावर ठेवला.

"एक सांगा. दुपारच्या पंगतीत सगळे आपल्या दोघांच्या मागे लागले होते. नाव घ्या, घास भरवा म्हणून. मी लाजत होते. तुम्ही उखाणा घेतलात आणि मला घास भरवलात. हसत होतात तुम्ही. फोन तेव्हा येऊन गेला होता?"

त्यानं गळ्यातला टाय ओढून सैल केला. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

"येऊन गेला होता," अरविंद म्हणाला.